नवी पद्धत आपल्या मुलाला खरंच वाचायला शिकवते आहे का? डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या पालकांसाठी बारा आठवड्यांची पारख

साताऱ्यात शिष्यवृत्ती, नवोदय आणि सैनिक स्कूलच्या तयारीच्या क्लासच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या शेजारी आता आणखी पाट्या लागल्या आहेत: अबॅकस, फोनिक्स (अक्षर-आवाजाची जोडी), ब्रेन जिम, मिडब्रेन, हस्ताक्षर सुधार, नजरेचे व्यायाम. ज्यांचं मूल तिसरी-चौथीत येऊनही वाचताना अडतं, ते आईवडील यातली प्रत्येक पाटी आशेनं वाचतात. वाईहून, कोरेगावहून, दहिवडीहून पोराला घेऊन एसटीनं येतात, सहा महिन्यांची फी एकदम भरतात आणि शेवटी म्हणतात, "बाई, थोडा फरक पडल्यासारखा वाटतोय."

मी विशेष शिक्षिका आहे आणि हे वाक्य मला वारंवार ऐकायला मिळतं. फरक पडला की नाही हे घरच्या घरी मोजता येतं. त्यासाठी एक वही, मोबाइलमधलं घड्याळ, आठवड्यातून पंधरा मिनिटं आणि थोडी शिस्त लागते. वाचन अक्षमतेवरचं, म्हणजेच डिस्लेक्सियावरचं, बहुतेक संशोधन इंग्रजी आणि युरोपातल्या भाषांवर झालेलं आहे, मराठीवरचं फार कमी. त्यामुळे बाहेर गाजलेली पद्धत आपल्या लिपीत आणि आपल्या लेकराच्या बाबतीत चालते का, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा तुमच्या त्या वहीतच तयार होणार आहे. तो कसा तयार करायचा ते पुढे क्रमानं लिहिते.

पहिली पायरी: अडचण वाचनाचीच आहे ना, ते पाहून घ्या

डोळे आणि कान तपासून घ्या. सर्दीनं कान सतत वाहणाऱ्या मुलाला 'प' आणि 'ब' वेगळे ऐकूच येत नसतील, तर कुठलीही शिकवण्याची पद्धत त्याला पुरी पडणार नाही. मग शाळेचा इतिहास बघा. माण-खटावकडची मेंढपाळ कुटुंबं, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, यांची मुलं वर्षातले काही महिने वर्गाबाहेर असतात. एमआयडीसीत कामाला आलेल्यांच्या घरात हिंदी किंवा कन्नड बोलली जाते आणि मूल मराठी शाळेत बसतं. अशा मुलांना शिकायला पुरेशी संधी मिळालेली नसते, त्यांना डिस्लेक्सिया असेलच असं नाही. उलट घरी-दारी मराठीच बोलणारं, शाळा न बुडवणारं, गोष्ट ऐकून ती रंगवून सांगणारं, तोंडी हिशेबात हुशार असणारं मूल छापील ओळीपुढे आलं की गप्प होत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, तेही विचारा. डिस्लेक्सिया अनेकदा कुटुंबात चालत येतो. बरेच वडील त्या प्रश्नावर हळूच मान डोलवतात.

चाळणीसाठी मराठीत साधन उपलब्ध आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं भारतीय भाषांसाठी 'डाली' ही चाचणी तयार केली आणि ती २०१५ मध्ये पुढे आली. हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर ती मराठीतही आहे. पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी तिचे वेगवेगळे भाग आहेत. तपासणारी व्यक्ती तुमच्या मुलाला फक्त इंग्रजी चाचणी देत असेल आणि मूल घरी मराठी बोलत असेल, तर मराठी चाचणीचा आग्रह धरा.

डिस्लेक्सियाचं सरकारी प्रमाणपत्र साधारण वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळतं. मदत मात्र त्याआधीच सुरू करायची. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर-आवाजाची जोडी नीट शिकवली आणि पुढे त्याला डिस्लेक्सिया नाही असं ठरलं, तरी त्याचं काही बिघडत नाही. दोन वर्षं वाट पाहत बसलं तर मात्र खूप बिघडतं.

दुसरी पायरी: शिकवणी लावण्याआधीची नोंद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्लास सुरू झाल्यावर "आधी कसं वाचत होता?" या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून द्यायचं नसतं. आठवण आशेच्या बाजूनं झुकते.

मोजायचं काय? पहिलं, सुटी अक्षरं. वर्णमालेच्या ओळीनं नकोत, कारण 'क ख ग घ' म्हणजे गाणं असतं आणि मूल ते गाऊन दाखवतं. चाळीसेक अक्षरं पत्त्यांवर लिहा आणि पत्ते पिसून दाखवा. फसवणाऱ्या जोड्या मुद्दाम घाला: ब-व, भ-म, घ-ध, थ-य, प-ष, ड-इ. 'ख' वेगळा नोंदवा, कारण पुष्कळ मुलं तो 'रव' असा वाचतात. चुकलेल्या अक्षराइतकंच महत्त्व अडखळून बरोबर आलेल्या अक्षराला द्या. तीन सेकंदांपेक्षा जास्त विचार करावा लागला, तर ते अक्षर अजून पक्कं नाही असं धरा.

दुसरं, शब्द. दहा-दहाचे तीन गट करा. पहिल्यात चिन्हं नसलेले, म्हणजे गवत, मदत, करवत असे. दुसऱ्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार असलेले. तिसऱ्यात जोडाक्षरं: दप्तर, कुत्रा, सूर्य, दुसऱ्या. मराठी वाचनाच्या खऱ्या अडचणी या शेवटच्या दोन गटांत असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर बोलली जाते. 'सूर्य'मधला र आधी ऐकू येतो आणि बसतो मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. एकटा र चार वेशांत येतो: 'क्र', 'ट्र', 'र्क' आणि 'ऱ्य'. पहिला गटही वाटतो तितका सोपा नाही. 'करवत' आपण कर-वत असं बोलतो, पण अडकलेलं मूल क-र-व-त असं चार पूर्ण अक्षरांत वाचतं आणि आपण कोणता शब्द वाचला हे त्याचं त्यालाच कळत नाही. हा फरक लिहून ठेवा: अक्षरं आली, पण शब्द जुळला नाही.

तिसरं, अर्थ नसलेले शब्द. तुफेळ, किनोडा, गमठ, डोशिम, बैसुडी असे दहा शब्द बनवा आणि मुलाला सांगा, की हे गमतीचे शब्द आहेत, यांना अर्थ नाही. यातूनच कळतं की मूल अक्षरावरून आवाज काढतं आहे की ओळखीच्या शब्दाचं तोंड बघून अंदाज करतं आहे. हुशार मुलं अंदाजावर दोन-तीन इयत्ता निभावून नेतात. चौथी-पाचवीत परिसर अभ्यासाची नवी नावं आली की ती मुलं कोसळतात आणि घरचे म्हणतात, "आता अचानक काय झालं?"

चौथं, एक मिनिटाचं वाचन. उतारा अनोळखी हवा. स्वतःच्या पाठ्यपुस्तकातला धडा चालणार नाही, कारण ही मुलं धडे पाठ करतात. बोट ओळीवर असतं, पण डोळे छताकडे. एक इयत्ता खालचं बालभारतीचं जुन्या अभ्यासक्रमाचं पुस्तक किंवा 'किशोर' मासिकाचे जुने अंक घ्या आणि त्यातून ऐंशी-शंभर शब्दांचे तुकडे काढून ठेवा. पुढे दर आठवड्याला नवा तुकडा लागणार आहे, म्हणून वीसेक तुकडे आधीच जमवा. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, तेवढंच मोजा. मूल पाच सेकंद अडलं तर शब्द सांगा, चूक धरा आणि पुढे जाऊ द्या.

पाचवं, श्रुतलेखन: दहा शब्द आणि दोन वाक्यं.

हे सगळं एका बैठकीत उरकू नका. एक मिनिटाचं वाचन पहिल्या दोन आठवड्यांत तीन वेगळ्या दिवशी घ्या. एखाद्या दिवशी १८ शब्द येतील, दुसऱ्या दिवशी २३, तिसऱ्या दिवशी २०. मधला आकडा, म्हणजे २०, हा सुरुवातीचा धरा. रोजचा चढउतार केवढा असतो हेही यातून कळतं. नाहीतर पुढे २० चे २३ झाले की पेढे वाटाल, आणि ते तीन शब्द निव्वळ त्या दिवशीच्या मूडचे असतील.

आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आणि मुलाला हे परीक्षेसारखं वाटू देऊ नका. "तुला किती येतं हे मला बघायचं नाहीये, नवीन सरांची शिकवणी कशी आहे ते बघायचंय," असं सरळ सांगा. ते खरंही आहे.

तिसरी पायरी: पद्धत नेमकं काय बदलू पाहते?

जाहिरात बाजूला ठेवून एवढंच विचारा: या तासात मूल अक्षरं आणि आवाज यांवर काम करणार आहे, की दुसऱ्याच कशावर?

अक्षर आणि आवाजाचं नातं थेट, क्रमानं, रोज उजळणी करत शिकवणाऱ्या पद्धतींच्या बाजूनं सर्वांत भक्कम पुरावा आहे. २०१४ मध्ये वाचन अक्षमतेवरचे २२ नियंत्रित प्रयोग एकत्र तपासले गेले. वाचन आणि शुद्धलेखन या दोन्हींवर ठाम परिणाम दिसला तो याच एका प्रकारात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीनं २००० मध्ये दिलेला निष्कर्षही याच दिशेचा होता.

ऑर्टन-गिलिंगहॅम या पद्धतीचं नाव तुम्ही ऐकाल. सॅम्युअल ऑर्टन हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका. १९३० च्या दशकात या दोघांच्या कामातून ती आकाराला आली. बघणं, ऐकणं, बोलणं आणि बोटानं गिरवणं एकाच वेळी, ही तिची ओळख. पण तिच्या बाजूचा पुरावा तिच्या प्रसिद्धीइतका मोठा नाही. २०२१ मध्ये तिच्यावरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा परिणाम चांगल्या दिशेचा दिसला, मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो ठाम ठरला नाही. माझं मत असं, की तिची शिस्त घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट शिकवायची, ती पक्की झाल्याशिवाय पुढे जायचं नाही आणि जुनं रोज फिरवायचं. वाळूत गिरवलं म्हणून जादू होत नाही. गिरवताना तोंडानं आवाज काढला तरच त्याचा उपयोग. शिवाय ही पद्धत इंग्रजीसाठी घडलेली आहे. तिची मांडणी जशीच्या तशी मराठीला लागू पडत नाही, म्हणून शिकवणाऱ्याकडे मराठीची साहित्यपेटी आहे का ते उघडून बघा.

आपल्याच जिल्ह्यात फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या प्रगत शिक्षण संस्थेनं मराठी वाचन शिकवण्यावर दीर्घकाळ काम केलं आहे. मुळाक्षरं पारंपरिक क्रमानं न घेता निवडक अक्षरांचे गट करायचे आणि त्यात चिन्हंही लवकर आणायची, म्हणजे पहिल्याच गटातून अर्थाचे शब्द तयार होतात. क, म, ल आणि काना एवढं आलं की काका, मामा, काम, कमल, लाल असे शब्द हातात येतात. अडणाऱ्या मुलांसाठी हे फार मोलाचं आहे. 'क ख ग घ' या क्रमात सारख्या आवाजाची अक्षरं शेजारी बसतात आणि गोंधळ वाढतो, शिवाय रोजच्या वाचनात जवळपास न येणारे 'ङ' आणि 'ञ' सुरुवातीलाच वाटेत येतात.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटातले ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायचे, वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक आले. फरशीवर आखलेली चक्रं, शब्दपट्ट्या, मुलांनी एकमेकांना शिकवणं, यात बहुतेक मुलं खुलतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची गोष्ट थोडी वेगळी असते. अक्षर-आवाजाचा नियम इतरांना खेळता खेळता सापडतो, त्याला तो सापडत नाही. तेव्हा तोच खेळ आणि त्याच पट्ट्या जरूर वापरा, फक्त नियम तोंडानं स्पष्ट सांगा, करून दाखवा आणि त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्या.

आता दुसऱ्या बाजूच्या पद्धती. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, नजरेची थेरपी यांच्याबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढलं: डिस्लेक्सियावर यांचा उपयोग होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. डिस्लेक्सियाचं मूळ नजरेत नसून आवाजांची फोड करणाऱ्या भाषिक प्रक्रियेत आहे. चष्म्याचा नंबर असेल तर साधा चष्मा जरूर लावा. डिस्लेक्सियासाठीचे म्हणून सांगितले जाणारे खास टंक (फॉन्ट) रोमन अक्षरांसाठी बनलेले आहेत, त्यांचा देवनागरीशी संबंध नाही. मजकूर जरा मोठा आणि अक्षरांत, ओळींत जास्त जागा ठेवून छापला तर काही मुलांना बरं पडतं. हे फुकट आहे, करून बघा.

ब्रेन जिम आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम यांनी मूल ताजंतवानं होईल, पण त्यातून वाचन सुधारत नाही. अबॅकसनं आकडेमोड सुधारेल, 'क्ष' आणि 'ज्ञ' येणार नाहीत. सुवर्णप्राशन किंवा स्मरणशक्तीचं सिरप घेऊन डिस्लेक्सिया जातो असा पुरावा नाही. त्यासाठी कोणतंच औषध नाही. मुलाला सोबत अतिचंचलता असेल तर त्याचे उपचार वेगळे, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे. ऑक्युपेशनल थेरपी पेन्सिलीची पकड आणि लिहिण्याचा थकवा यांवर चांगलं काम करते. त्यासाठी जरूर जा, तिच्याकडून वाचनाची अपेक्षा ठेवू नका.

मिडब्रेन, म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करण्याचा दावा करणारे क्लास, यांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. पुस्तक कपाळासमोर धरा किंवा पट्टीऐवजी डोळ्यांवर कणीक लावा, की प्रयोग संपतो. पैसे जातात ते जातातच, पण आधीच स्वतःला ढ समजणाऱ्या मुलाला आईवडिलांसमोर खोटं वागायला शिकवलं जातं, याचा मला जास्त राग येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी या दुकानांना गिऱ्हाईक मिळू नये.

आणखी एक गट राहिला: वाचन न शिकवता वाचनाचा भार उतरवणारी साधनं. मोबाइलनं धडा वाचून दाखवणं, ताईनं मोठ्यानं वाचणं, तोंडी उत्तर घेणं. ही पहिल्या दिवसापासून वापरा. वाचता येत नाही म्हणून इतिहास-विज्ञानापासून मूल मागे पडता कामा नये. मात्र ही साधनं शिकवणीच्या जागी ठेवू नका.

चौथी पायरी: शिकवणाऱ्याशी बोलणं

फी विचारण्याआधी हे विचारा. माझ्या मुलाला आज कुठून सुरुवात कराल, आणि ते कशावरून ठरवलं? पुढच्या महिन्यात कोणती चिन्हं, कोणती जोडाक्षरं घेणार? एक तास मला बसून बघता येईल का? सुधारणा झाली नाही तर तुम्ही काय बदलता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "होतेच सुधारणा, शंभर टक्के" असं उत्तर आलं तर तिथून उठा. "मग मी अमुक मागे जाऊन बघेन" असं म्हणणारी व्यक्ती कामाची आहे.

विशेष शिक्षक आणि पुनर्वसन मानसतज्ज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. मागायला संकोच वाटू देऊ नका, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. नोंदणी नसलेली एखादी प्रेमळ निवृत्त बाईही सुंदर शिकवू शकते, हे मी पाहिलं आहे, पण तिनं निदान करू नये आणि 'थेरपी'ची फी घेऊ नये. गावात कोणीच नसेल तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत त्यांची भेट मागा.

तास बघायला बसलात तर काय दिसायला हवं? समजा, ऱ्हस्व वेलांटी चालू आहे. शिक्षिका आधी फक्त तोंडी खेळ घेईल: "'पिन' शब्दात प आणि त्याला चिकटलेला कोणता आवाज ऐकू येतो?" मग पाटीवर प काढेल, वेलांटी काढेल आणि सांगेल, "हे चिन्ह आधी दिसतं, पण बोलताना प आधी." मूल बोटानं गिरवत 'पि' म्हणेल. मग 'कि', 'दि', 'मि'. मग दिवस, किती, गणित असे शब्द. मग तेच शब्द ऐकून लिहिणं. शेवटी आज घेतलेलं आणि जुनं एवढंच असलेली दोन-तीन वाक्यं. मूल तासभर बोलतं-लिहितं असावं आणि शिक्षिका कमी बोलावी. चुकलं की लगेच, शांतपणे दुरुस्ती व्हावी. मूल नुसतं कार्यपत्रिका रंगवत बसलं असेल, तर तुमची फी रंगकामाला चालली आहे.

इंग्रजी की मराठी, हा प्रश्न सेमी इंग्रजीवाले हमखास विचारतात. घरची भाषा मराठी असेल तर मी मराठीपासून सुरुवात करते. अक्षर आणि आवाज यांचं नातं मराठीत बरंच भरवशाचं आहे, त्यामुळे 'मला वाचता येतं' हा अनुभव मुलाला लवकर मिळतो. पण यातच एक फसगत आहे. मराठीत मूल हळूहळू का होईना बरोबर वाचू लागतं, घरच्यांना वाटतं सुटलो, आणि इंग्रजीत ते पुन्हा पूर्ण अडतं. म्हणून मराठीत बरोबर वाचण्याबरोबर वेगाकडेही लक्ष ठेवा. अडचण पुष्कळदा चुकांपेक्षा संथपणातच दिसते.

पाचवी पायरी: बारा आठवडे, एक पद्धत

एका वेळी एकच. सकाळी फोनिक्स, संध्याकाळी ब्रेन जिम आणि रविवारी अबॅकस असं केलंत, तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही आणि मूल थकेल ते वेगळंच. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा रोज वीस-तीस मिनिटं बरी. दहिवडीहून साताऱ्याला रोज येणं शक्य नाही, हे मला कळतं. मग आठवड्यात एक दिवस शिक्षिकेकडे आणि बाकीचे दिवस घरी तिनं आखून दिलेलं काम, असं ठरवा. घरचं काम आखून न देणारा क्लास लांबच्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

दर शनिवारी, ठरलेल्या वेळी, नव्या तुकड्यावर एक मिनिटाचं वाचन घ्या. शिकवणाऱ्यानं नाही, तुम्ही घ्या. आकडा चौकटीच्या वहीत ठिपक्यानं मांडा: आडवे आठवडे, उभे शब्द. क्लास सुरू झाला तिथे उभी रेघ मारा. मिनेसोटा विद्यापीठात स्टॅनली डेनो यांनी वर्गशिक्षकांसाठी याच धर्तीची छोट्या मोजण्यांची पद्धत विकसित केली. ती इतकी साधी आहे की सातवी शिकलेली आजीही ती चालवू शकते. दर तीन आठवड्यांनी निरर्थक शब्द, चिन्हांचे शब्द, जोडाक्षरं आणि श्रुतलेखन पुन्हा घ्या, शब्द दर वेळी बदलून.

यातली एक युक्ती फार कामाची आहे. पहिल्या सहा आठवड्यांत वेलांटी-उकार शिकवले जाणार आहेत आणि जोडाक्षरं नाहीत, असं समजा. तरी दोन्ही मोजत राहा. वेलांटी-उकाराचे शब्द दहातले तीनवरून आठवर गेले आणि जोडाक्षरं दोनवरच राहिली, तर सुधारणा शिकवणीमुळे आहे. दोन्ही सारखीच वाढली, तर शाळा, वय किंवा सरावामुळेही ती झालेली असू शकते. मग सातव्या आठवड्यापासून जोडाक्षरं सुरू झाल्यावर तीही वर चढली, तर शंकेला जागा उरत नाही. मूल दर वर्षी थोडं वाढतंच, आणि क्लासवाले ती वाढही आपल्या खात्यात जमा करतात. ते खातं या युक्तीनं वेगळं काढता येतं.

सहावी पायरी: आलेख वाचणं आणि ठरवणं

सुरुवातीच्या आकड्यापासून दर आठवड्याला मिनिटाला एक शब्द अशी बेताची वाढ धरून तिरकी रेघ काढा. एखादा ठिपका खाली आला तर सोडून द्या, जत्रा असेल, ताप असेल. ओळीनं चार ठिपके रेघेखाली आले, तर मात्र काहीतरी बदलायला हवं. काय बदलायचं हे चुकांच्या यादीतून ठरतं. अक्षरं पक्की आहेत आणि शब्द जुळत नाहीत? मग जुळवण्याचा सराव वाढवा. वाचतो बरोबर, पण वेग वाढत नाही? मग तोच छोटा उतारा रोज तीनदा वाचून घ्या. कुठली जोडाक्षरं पुन्हा पुन्हा चुकतात? बहुतेक वेळा पुढे जायची घाई झालेली असते. शिक्षिकेला वही दाखवा. ती वही बघून खूश झाली तर तुमची निवड बरोबर आहे.

शब्दांची संख्या वाढली, पण निरर्थक शब्द जिथल्या तिथे राहिले, तर मूल ठरावीक शब्द पाठ करतं आहे. क्लासच्या चाचणीत गुण वाढले आणि तुमच्या शनिवारच्या तुकड्यात काहीच हललं नाही, तर क्लास स्वतःच्याच पुस्तकावर चाचणी घेतो आहे. बारा आठवडे नीट होऊनही रेघ आडवीच राहिली, तर ती पद्धत थांबवा. भरलेली फी वाया जाईल म्हणून चालू ठेवू नका, मुलाचे पुढचे महिने त्या फीपेक्षा महाग आहेत.

आकड्यात न मावणारी एक नोंद दर आठवड्याला एका वाक्यात लिहा: या आठवड्यात मूल स्वतःहून कशाशी भिडलं? दुकानाची पाटी वाचली, एसटीचा बोर्ड वाचला, आत्याचा मेसेज वाचला. आनंदी आहे पण वाचत नाही, आणि वाचतंय पण रोज रडतंय, या दोन्ही अवस्थांत बदल हवा. फक्त आनंदी आहे म्हणून पद्धत चांगली, असं ठरवू नका. प्रेमळ ताई कुठल्याही क्लासमध्ये असू शकते.

शाळा आणि सवलती

पद्धतीची पारख चालू असतानाच कागदपत्रांकडेही बघा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. मुलांमधली अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय करणं ही या कायद्यानं शाळांवर टाकलेली जबाबदारी आहे. वर्गशिक्षकांना भेटताना तक्रारीच्या सुरात बोलू नका. वही घेऊन जा आणि तीनच गोष्टी मागा: सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नये, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ द्यावा, आणि चाचणीत शुद्धलेखनाचे गुण इतर विषयांत कापू नयेत. साठ मुलांच्या वर्गातही हे जमतं.

प्रमाणपत्रासाठी साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळतं आणि चौदा व अठरा वर्षांचं झाल्यावर पुन्हा तपासणी होते. नियमांत अधूनमधून दुरुस्त्या होतात, म्हणून जाण्याआधी ताजी माहिती घ्या. तुमची वही सोबत न्या, तपासणाऱ्याला तिचा उपयोग होतो. दहावी-बारावीला वाढीव वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलतींसाठी अर्ज शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो, कारण सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याच मंडळाखाली येतात. हा अर्ज दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर करायचा नसतो. नववीच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना लेखी कळवा, त्या पत्राची पोच घ्या, आणि लेखनिक मिळणार असेल तर नववीच्या सहामाहीपासूनच लेखनिकाला उत्तर सांगून लिहून घेण्याचा सराव सुरू करा. तोंडी उत्तर नीट सांगणं हेही वेगळं कौशल्य आहे आणि ते यायला काही महिने लागतात.